वाढीची नोंद कोणी ठेवली?

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. सिस्टीममध्ये बदल करण्याआधी ती आज कशी चालते ते मोजून ठेवायचं. नाहीतर पुढे काही बिघडलं की "हे आधीपासूनच असं होतं" म्हणणारा एक तरी महाभाग मीटिंगमध्ये निघतोच. केरळमधल्या कासरगोड जिल्ह्याचा इतिहास वाचताना मला हा नियम सारखा आठवत होता.

काजूच्या मोहोरावर ढेकण्या नावाची कीड पडते. कोकणातल्या बागायतदारांना ती चांगलीच ठाऊक आहे. तिच्या बंदोबस्तासाठी केरळच्या सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कासरगोडच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारायला सुरुवात केली. बागा टेकड्यांवर आणि गावं पायथ्याशी. त्यामुळे वरून पडलेलं औषध फक्त मोहोरावर थांबणार नव्हतं, ते विहिरी-ओढ्यांतही उतरणार होतं. वीसहून जास्त वर्षं हे चाललं. खाली राहणाऱ्या मुलांची वाढ कशी होते आहे, याची नोंद मात्र फवारणाऱ्यांपैकी कोणीच ठेवली नाही.

काहीतरी चुकतंय हे आधी गावातल्या लोकांनाच जाणवलं. पड्रे गावचे डॉक्टर वाय. एस. मोहनकुमार यांना आपल्या पेशंटमध्ये मेंदूचे विकार आणि जन्मजात व्यंगं फार दिसू लागली. कृषी खात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा १९९८ मध्ये थेट कोर्टात गेल्या. २००० मध्ये हवाई फवारणी थांबली.

मग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे शास्त्रज्ञ तपासणीला आले. हबीबुल्ला सैयद आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा एक निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न नेमका होता : या गावातले मुलगे वेळेवर वयात येताहेत का? बागांच्या पायथ्याच्या एका गावातले १० ते १९ वर्षांचे ११७ शाळकरी मुलगे त्यांनी तपासले, आणि तुलनेसाठी फवारणी न झालेल्या भागातले ९०. जुनी नोंदच नसल्यावर दुसरं करणार काय? शेजारचं न बिघडलेलं मशीन शोधून त्याच्याशी ताडून बघायचं, तसंच हे.

वयात येण्याचे टप्पे मोजायला ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांची पाच पायऱ्यांची पट्टी वापरली. ज्यांच्या रक्तातलं एंडोसल्फान मोजलं, त्यांच्यात पायथ्याच्या गावाची सरासरी ७.४७ पीपीबी (म्हणजे अब्ज भागांत इतके भाग) आली, तर दुसऱ्या गटाची १.३७. फवारणी थांबल्यानंतरची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या. आणि वयाचा फरक हिशोबात धरूनही, हवाई फवारणीशी संबंध आलेल्या मुलांची लैंगिक वाढ मागे होती, टेस्टोस्टेरॉन कमी होतं.

मला सगळ्यात बोलका वाटला तो दुसरा आकडा. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते, ते वृषणांना "टेस्टोस्टेरॉन बनवा" असं सांगतं. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की वरून येणारा हुकूम कमी होतो. साधा फीडबॅक लूप. या मुलांमध्ये एलएच वाढलेलं होतं आणि टेस्टोस्टेरॉन कमी. म्हणजे हुकूम सुटत होता, आणखी जोरात सुटत होता, पण खाली तो पुरता अमलात येत नव्हता.

२०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं दगावली तेव्हा बातमी झाली, चौकशी बसली. विषबाधा अशी डोळ्यांसमोर झाली की कळते. पण चौदाव्या वर्षी मिसरूड फुटली नाही म्हणून कोण दवाखाना गाठतं? आई म्हणते, "याच्या मामाचंही असंच होतं." मुलगा तर लाजून बोलतच नाही. असं नुकसान एकेका घरात दिसत नाही, शंभर-दोनशे मुलं एकत्र मोजली तरच दिसतं.

निबंधाने आपल्या मर्यादाही लिहिल्या आहेत : मुलांची संख्या लहान, काहींनी भाग घेतला नाही. जन्मजात दोषांचं प्रमाण ५.१ टक्के विरुद्ध १.१ टक्के आलं, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा नाही, हेही स्वतःच सांगितलंय. शास्त्र असंच असावं. गंमत अशी, की पुराव्यातल्या त्रुटी मोजणाऱ्याला विचारल्या जातात. वीस वर्षं काहीच न मोजता फवारणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पुढे २०११ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोम कराराने एंडोसल्फान जागतिक बंदीच्या यादीत घातलं, मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत द्या असा आदेश झाला. २०२२ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयासमोर उघड झालं, की ३७०४ जणांपैकी फक्त ८ जणांना पैसे मिळाले होते.

नवं औषध बाजारात येताना किडीवर त्याचा परिणाम किती, हे आपण एकराच्या हिशोबात मोजतो. बागेखालच्या शाळेतल्या मुलांची उंची, वजन आणि वाढ पहिल्या फवारणीआधी लिहून ठेवायला फार तर एक वही लागली असती. ती वही आज कुठल्या गावात ठेवली जाते?