दोष कोणाचा? अपघात भरपाईचा इतिहास

मोटार अपघातात जखमी झालेल्याने किंवा मृताच्या वारसांनी चालकाचा हलगर्जीपणा, म्हणजे सावध माणूस घेईल ती काळजी न घेणे, सिद्ध करावा, हा दंडक भारतात इंग्रजी कायद्यातून आला; आणि 1956 च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली, तरी पुराव्याचा भार दावेदाराच्याच माथी राहिला. हा भार किती जाचक ठरे, हे नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेल्या एका मोटारीच्या 1960 मधील अपघातावरून दिसते. पंधरा फूट रुंदीच्या सरळ रस्त्यावर ती मोटार उजव्या बाजूला, रस्त्याच्या कडेपासून चार फुटांवर असलेल्या झाडावर आदळली आणि झाड बुंध्यापासून उन्मळले. या अपघातातील मृताच्या विधवेने काय सिद्ध करायचे होते? सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये 'घटनाच बोलते' हे तत्त्व लावले: वाहन आपली बाजू सोडून झाडावर जाते, तेव्हा प्रथमदर्शनी हलगर्जीपणा दिसतोच आणि खुलासा करण्याची जबाबदारी प्रतिपक्षावर येते. हा न्याय मिळायला सोळा वर्षे लागली, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात हलगर्जीपणाचा पुरावा अनिवार्य ठरल्याने, 1982 मध्ये संसदेने दोष न पाहता मृत्यूसाठी 15,000 आणि कायमच्या अपंगत्वासाठी 7,500 रुपयांची तरतूद केली; त्याहून अधिक भरपाई मागणाऱ्याला दोष सिद्ध करावाच लागे.