लाल खार कशी ओळखायची? ब्रिटनमध्ये ती परत कशी येतेय?

ब्रिटनच्या जंगलात तांबूस दिसणारी प्रत्येक खार ‘लाल खार’ नसते. तिथल्या करड्या खारींच्या अंगावरही तांबूस छटा असते. त्यामुळे नुसत्या रंगावरून अनेकांची फसगत होते.

ओळख कशी पटवायची?

कान : हिवाळ्यात लाल खारीच्या कानांवर केसांचे लांब झुपके दिसतात. करड्या खारीला ते नसतात. उन्हाळ्यात मात्र लाल खारीचेही झुपके विरळ होतात.

शेपूट : करड्या खारीच्या शेपटीला पांढरट किनार असते. लाल खारीची शेपूट सहसा एकरंगी असते.

आकार : लाल खारीचं वजन साधारण ३०० ग्रॅम, तर करडीचं ५०० ग्रॅमच्या आसपास. आपलं शेकरू या दोघींहून कितीतरी मोठं असतं.

लाल खारी कमी का झाल्या?

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेची. १८७६ मध्ये तिला इंग्लंडमधल्या चेशायर इथे सोडण्यात आलं. ती ओकची कच्ची फळंही पचवते, त्यामुळे लाल खारीच्या वाट्याला कमी अन्न उरतं. शिवाय तिच्या अंगात स्क्विरलपॉक्सचा विषाणू असतो. तिला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण लाल खार बहुधा दोन-तीन आठवड्यांत मरते. २०१८ मधल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख होत्या, तर लाल खारी २ लाख ८७ हजार. त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

मग परत कशा आल्या?

वेल्समधल्या अँगलसी बेटावर १९९८ च्या सुमारास जेमतेम ४० लाल खारी उरल्या होत्या. तिथून करड्या खारी हटवण्याची मोहीम अनेक वर्षं चालली आणि लाल खारींची संख्या शेकड्यांत गेली. पण बेट पुलांनी मुख्य भूमीला जोडलेलं असल्याने करड्या खारी पुन्हा येऊ शकतात. म्हणून पहारा थांबलेला नाही.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पाइन मार्टेन या शिकारी प्राण्याची मदत झाली. मांजराएवढा हा प्राणी झाडावर सहज चढतो. तो जिथे वाढला, तिथे करड्या खारी घटल्या. लाल खार त्याच्या वासापासून दूर राहते, करडी मात्र सावध होत नाही.

त्यामुळे या भागांत खार दिसली, तर फोटोसोबत जागा आणि तारीख स्थानिक वन्यजीव गटाला कळवणं उपयोगी ठरतं. लाल खारींच्या इलाक्यात दिसलेल्या एका करड्या खारीची खबरही तितकीच मोलाची असते.