घोडा कळतो, शर्यत कळत नाही

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय घोड्यांच्या रेसचा आहे, पण रेस न खेळणाऱ्यांनी तर जरूर वाचावी. कारण हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलवर दिवसाला दोन-चार तरी "शुअर शॉट" टिप्स येतात. शेअरच्या, क्रिकेटच्या, कशाच्याही. टिप नावाचा हा माल विकायचा सगळ्यात जुना आणि मोठा बाजार म्हणजे इंग्लंडची रेस.

आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे सपाट ट्रॅकवर पळतात. इंग्लंड-आयर्लंडात, मुख्यतः हिवाळ्यात, वेगळीच रेस चालते. उड्यांची. झुडपांचे कुंपण, चर, पाणी, सगळं ओलांडत घोडे पळवायचे. सुरुवातीची गोष्ट अशी सांगतात की १७५२ साली आयर्लंडात दोघांनी पैज लावली, बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कोणाचा घोडा आधी पोचतो. चर्चचा मनोरा लांबून दिसतो, त्याच्या रोखाने शेतं-ओढे तुडवत जायचं. इंग्रजीत मनोऱ्याला स्टीपल म्हणतात, म्हणून ही स्टीपलचेस.

यातली सगळ्यात मोठी रेस ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलजवळच्या एंट्रीला होते (हे गावाचं नाव आहे, प्रवेश नव्हे). पहिली १८३९ मध्ये झाली. जवळपास सात किलोमीटर अंतर आणि तीस अडथळे. वर्षभर रेसकडे न बघणारी माणसंसुद्धा त्या दिवशी एखाद्या घोड्यावर चार पैसे लावतात. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घेतात.

आता अशा दिवशी घोडा निवडायचा कसा? जाणकार आधी जमीन बघतो. पाऊस पडून चिखल झाला असेल तर हलक्या अंगाचा वेगवान घोडा मागे पडतो आणि दमाचा घोडा पुढे येतो. मग अंतर. चार किलोमीटरला चमकणारा सातला टिकेलच असं नाही. मग उडी स्वच्छ मारतो की कुंपणाला घासत जातो, मागच्या पाच-सहा रेसमध्ये कुठे पडला, जॉकी कोण, ट्रेनरचे घोडे सध्या फॉर्मात आहेत का. हा खरा अभ्यास आहे. फिल बुल नावाच्या गणिताच्या मास्तरने घोड्यांच्या वेळा मांडत १९४८ मध्ये 'टाइमफॉर्म' काढलं. तिथे प्रत्येक घोड्याला गुण देतात आणि लोक ते आजही विकत घेतात.

पण गंमत इथेच आहे. तुम्ही अभ्यास करता तसा समोरचाही करतो. ग्रँड नॅशनल १८४३ पासून हँडिकॅप रेस आहे. म्हणजे घोडा जितका चांगला, तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त. हँडिकॅपर नावाच्या माणसाचं कामच हे, की सगळे घोडे एकाच वेळी पोचावेत अशी वजनं वाटायची. आर्कल नावाचा आयरिश घोडा १९६० च्या दशकात इतका भारी होता की त्याच्यासाठी वजनांच्या दोन याद्या करायची पाळी आली. एक आर्कल पळणार असेल तर, दुसरी नसेल तर. आणि वजनाने जे सपाट होत नाही ते भावात सपाट होतं. सगळ्यांना आवडणाऱ्या घोड्यावर बुकी पैसेच कमी देतो. म्हणजे तुमचं ज्ञान खरं असलं तरी त्याची किंमत आधीच कापून घेतलेली असते.

याच आर्कलच्या मालकिणीकडे, वेस्टमिन्स्टरच्या डचेसकडे, आणखी एक घोडा होता. फॉइनाव्हॉन. दोघांची नावं स्कॉटलंडमधल्या डोंगरांची. आर्कलने चेल्टनहॅमचा गोल्ड कप सलग तीनदा मारला. फॉइनाव्हॉनकडून काही होईना, म्हणून त्याला विकून टाकलं. १९६७ च्या गोल्ड कपमध्ये नव्या ट्रेनरने त्याला उतरवलं तेव्हा भाव होता ५००-१. म्हणजे एक पौंड लावा, आला तर पाचशे घ्या. आला नाही, हे सांगायला नको.

तीन आठवड्यांनी, ८ एप्रिल १९६७ ला, तोच घोडा ग्रँड नॅशनलला उभा राहिला. भाव १००-१. एकूण ४४ घोडे. घोड्याचा ट्रेनर जॉन केम्प्टन मैदानावर आलाच नाही. तो त्या दिवशी वुर्स्टरला दुसऱ्या घोड्यावर स्वार व्हायला गेला होता. मालकही आला नव्हता.

दुसऱ्या फेरीत तेविसावा अडथळा आला. मैदानातल्या सगळ्यात लहान अडथळ्यांपैकी एक. पॉपहॅम डाउन नावाचा घोडा आपला जॉकी पहिल्याच उडीला टाकून तसाच मोकळा पुढे पळत होता. तो या कुंपणासमोर अचानक आडवा वळला. मागचे घोडे त्याच्यावर धडकले, त्यांच्यावर त्यांच्या मागचे. कोणी पडलं, कोणी थबकलं, कोणी उलट फिरलं, जॉकी कुंपणापलीकडे फेकले गेले. एसटी स्टँडवर दिवाळीत एकच गाडी लागते तेव्हाचा दरवाजा आठवा. फॉइनाव्हॉन इतका मागे होता की त्याच्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, हे सगळं बघायला वेळ मिळाला. त्याने बाजूने वाट काढली, उडी मारली आणि एकटाच पुढे गेला. बाकीच्यांनी सावरून पाठलाग केला, अठरा घोड्यांनी रेस पुरी केली, पण तो सापडला नाही. सरकारी टोटवर तर ४४४-१ पैसे मिळाले. पुढे त्या अडथळ्यालाच फॉइनाव्हॉन नाव दिलं.

आता "बघा, अभ्यास सगळा फुकट" असं कोणी म्हणेल. तसं नाही. त्या रेसमध्ये दुसरा आला हनी एंड, जो फेव्हरिट होता. तिसरा आला रेड ॲलिगेटर, आणि पुढच्याच वर्षी, १९६८ ला, तो ग्रँड नॅशनल जिंकला. फॉइनाव्हॉन त्या वर्षी पुन्हा पळाला, त्याला रेस पुरीही करता आली नाही. म्हणजे जाणकारांनी घोडे बरोबर ओळखले होते. फक्त त्या दुपारचं कोणाला कळलं नाही, आणि कळण्यासारखं ते नव्हतंच. १९५६ मध्ये राणीच्या आईचा घोडा डेव्हन लॉक जिंकल्यात जमा होता. शेवट अगदी समोर दिसत असताना तो अचानक पोटावर बसला. का, ते आजवर कोणी खात्रीने सांगितलेलं नाही. जॉकी होता डिक फ्रान्सिस, जो पुढे रहस्यकथा लिहून जगप्रसिद्ध झाला.

टिपचा धंदा या फटीत बसतो. इंग्लंडात १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैसे लावणं गुन्हा ठरलं. पण पैसेवाला माणूस बुकीकडे खातं उघडून उधारीवर खेळायचा, ते कायदेशीर. गिरणी कामगार नाक्यावर रोख चार आणे लावायचा, त्याला पोलीस धरायचे. हे १ मे १९६१ ला बेटिंगची दुकानं कायदेशीर होईपर्यंत चाललं. (कायदा कोणासाठी असतो हे आपल्याकडे मटक्याच्या धाडी बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) या सगळ्या काळात वर्तमानपत्रांत टिप्स मात्र रोज छापून येत. दिवसाच्या सगळ्यात पक्क्या टिपला तिथे 'नॅप' म्हणतात, नेपोलियन नावाच्या पत्त्यांच्या खेळावरून.

तरी तिथल्या पत्रकारांची एक गोष्ट मला, त्याच धंद्यातला म्हणून, आवडते. टिप देणाऱ्यांचा हिशोब ते छापतात. अमुक पत्रकाराच्या प्रत्येक नॅपवर एक-एक पौंड लावला असता तर आजपर्यंत किती नफा, किती तोटा, याचा तक्ता. नावानिशी. आपल्या टेलिग्राम ग्रुपवाल्याकडे असा तक्ता मागून बघा. चुकलेला मेसेज संध्याकाळपर्यंत डिलीट झालेला असतो.

आणि न चुकलेला मेसेज कसा तयार होतो, तेही ऐका. २००८ मध्ये डेरेन ब्राउन या जादूगाराने ब्रिटिश टीव्हीवर दाखवलं. एका बाईला दर वेळी निनावी टिप यायची आणि घोडा जिंकायचा. सलग पाच वेळा. तिला वाटलं, याला काहीतरी सिस्टीम सापडलीय. प्रत्यक्षात त्याने ७,७७६ लोकांना टिप्स पाठवल्या होत्या. सहा घोड्यांची रेस, सहा गट, प्रत्येक गटाला वेगळा घोडा. ज्यांचा जिंकला ते १,२९६ उरले, त्यांचे परत सहा गट. मग २१६, मग ३६, मग ६, मग ती एकटी. तिच्या बाजूने बघितलं तर चमत्कार, पाठवणाऱ्याच्या बाजूने साधा भागाकार. आमच्या तालुक्याच्या गावात ज्यांना शेअरची टिप "तीनदा बरोबर आली" म्हणून चौथ्यांदा एफडी मोडावीशी वाटते, त्यांनी हा भागाकार कागदावर करून बघावा. आणि सेबीकडे नोंदणी नसताना शेअरचा सल्ला विकणं बेकायदा आहे, हेही लक्षात असू द्या.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये, के. आर. लक्ष्मणन खटल्यात, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. माझ्या मते ते बरोबर आहे. घोडा ओळखणं हे कौशल्य आहे आणि वर आलेली सगळी उदाहरणं तेच सांगतात. पण ते कौशल्य ज्याच्याकडे आहे तो बहुतेक वेळा तबेल्यात असतो. २०२५ ची ग्रँड नॅशनल बघा. पहिले तिन्ही घोडे एकाच आयरिश ट्रेनरचे, विली मलिन्सचे. जिंकणाऱ्या निक रॉकेटवर त्याचा स्वतःचा मुलगा स्वार होता. भाव होता ३३-१. आदल्या वर्षीचा विजेता, त्याच तबेल्यातला आय ॲम मॅक्सिमस, ७-१ ला होता. तो दुसरा आला.