दिवस भरले, हजेरी चालूच

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आमच्याकडची पुरुषमंडळी लाल मिलो, सुकडी आणि पाझर तलाव यांच्या गोष्टी सांगतात. बायका मात्र तो काळ पोरांवरून मोजतात. "हा खडीवरचा, ती तलावाची, तो रस्त्याच्या येळचा." म्हणजे कोणतं पोर पोटात असताना आई कोणत्या दुष्काळी कामावर होती, त्यावरून त्या पोराचं साल ठरायचं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पन्नाशी उलटलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजानं घातलेली आहे. खरी तारीख आईच्या आठवणीत, आणि तिथं ती कामाच्या नावानं आहे. माझी धाकटी बहीण तलावाची.

दुष्काळाचा इतिहास लिहिला गेला, आणि चांगला लिहिला गेला. दोन-तीन वर्षं पाऊस हुलकावणी देत होता, १९७२ साली तर त्यानं पाठच फिरवली. विहिरींनी तळ गाठला, जनावरं छावणीला किंवा बाजारात गेली. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारनं गावोगाव कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा ध्यास घेतला, तिचा कायदा याच अनुभवातून पुढं १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची हमी घेणारं आपलं राज्य देशात पहिलं, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्या पन्नास लाखांत बायका किती मोठ्या संख्येनं होत्या आणि त्यांतल्या किती जणी सातव्या-आठव्या महिन्यात घमेलं उचलत होत्या, हे कुठल्या मस्टरवर नाही. मस्टरवर नाव, अंगठा आणि भरलेले दिवस. पोटातले दिवस कोण लिहितो?

आईचा तेव्हाचा दिवस मी जवळून पाहिला. मी आठ-नऊ वर्षांचा होतो आणि कामावर लहान पोरं सांभाळायला तिच्याबरोबर जायचो. ती उठायची चांदणं असतानाच. पहिलं काम पाण्याचं. गावची विहीर आटलेली, म्हणून नदीच्या कोरड्या पात्रात झरा उकरलेला. तिथं वाटीनं पाणी हंड्यात भरायचं. वाटी भरली की झरा पुन्हा साचेपर्यंत थांबायचं. अवघडलेल्या बाईला उकिडवं बसणं किती जड जातं ते सांगायला नको. ती गुडघे टेकून, एक हात वाळूत रोवून पाणी भरायची. एका हंड्याला तास-दीड तास जायचा. मग मिलोच्या भाकरी. हा मिलो म्हणजे बाहेरच्या देशातून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना काठ फाटायचा. गरम पाण्यात पीठ उकडून घेतलं तरच ती तव्यावर नीट जायची. मग फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि तलावापर्यंत तीन मैलांची चाल.

कामाची पद्धत तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल, पण ती नीट सांगितली पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. काम मोजमापावर. आठ-दहा जणांची टोळी. पुरुषांनी टिकाव-फावड्यानं खणायचं, बायकांनी माती वाहून बांधावर टाकायची. खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक उभा खुंट तसाच राखायचा, म्हणजे किती खोल खणलं ते माप घेणाऱ्याला कळतं. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार. शंभर घनफूट म्हणजे एक बरास. जितके बरास, तितकी मजुरी, आणि ती टोळीत वाटून.

म्हणजे एकीनं घमेली कमी वाहिली तर नुकसान टोळीचं. तरीही आमच्या टोळीतल्या बायकांनी आईला काढून टाकलं नाही. त्यांनी काम बदललं. डोक्यावर चुंबळ ठेवून बांध चढायचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि तिला खाली घमेली भरायला लावलं. तेही वाकून होईना तेव्हा बायकांनी साखळी केली. एकीनं दुसरीच्या हातात, दुसरीनं तिसरीच्या. आई मध्ये, सपाट जागेवर. तिच्यापर्यंत येणारं घमेलं अर्धंच भरलेलं असायचं. टोळीतली थोरली एक चुलती होती. ती सगळ्यांना दटावायची, "आगं, तिच्या म्होरं भरलेलं नगा धाडू. उद्या तुमच्यावर बी हीच येळ हाय."

खडीवर असंच चालायचं. खडी फोडणं बसून करायचं काम, म्हणून पोटुशी बाई खडीवर बरी, असं म्हणत. पण हातोडीचा प्रत्येक घाव पोटात उतरतो, हे बसणारीलाच माहीत. उन्हाला आडोसा म्हणून चार काठ्यांवर लुगडं टाकलेलं. त्याच सावलीत तान्ह्या पोरांच्या झोळ्या.

खाण्याचं म्हणाल तर दुपारी सुकडी मिळायची. पीठ, गूळ, तेल यांची ती कोरडी भुकटी. दुष्काळात तिनं कितीतरी जीव तगवले. पण बायका ती अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधायच्या, घरी पोरं वाट पाहत असायची. त्यात आणखी एक जुनी समजूत. गरवारीनं पोटभर खाऊ नये, पोर मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. दुसरी समजूत अशी, की काम करत राहावं, म्हणजे सुटका सोपी होते. या दुसरीत थोडं तथ्य आहे, हालचाल असावी, असं डॉक्टरही सांगतात. पण अंगण झाडणारीची हालचाल वेगळी आणि अर्धपोटी तीन मैल चालून माती वाहणारीची वेगळी. ज्याला पर्याय नसतो त्याची रीत बनते. मग रीत बनली की तो पर्याय कधी नव्हताच, असं वाटू लागतं.

आईची ओटी त्या वर्षी कामावरच भरली. सातव्याचं डोहाळेजेवण कसलं, मूठभर मिलो आणि गुळाचा खडा. आदल्या दिवसापर्यंत ती साखळीत उभी होती. रात्री कळा आल्या, गावातल्या सुईणीनं सुटका केली, पहाटे बहीण झाली. आमच्यात बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर पडू देत नाहीत. आई एकविसाव्या दिवशी बांधावर होती. मधल्या दिवसांत वाटप झालं तेव्हा टोळीनं आपल्या मजुरीतून अर्धा वाटा काढून तिच्या हातात दिला. ना कुणी ठराव केला, ना कुठं लिहून ठेवलं. डिंक-खारीक नव्हतं, पण त्या पैशात आठवडाभर गूळ-तेल आलं.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहू. कारण कायदा नव्हता असं नाही. मुंबई इलाख्यात १९२९ सालीच प्रसूती लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात त्याची चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. कायदा झाला तो कारखान्यातल्या बायकांसाठी. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाचे पैसे मिळू लागले. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशभराचा कायदा आला. बारा आठवड्यांची पगारी सुटी, आणि मागणी केल्यास शेवटच्या महिन्यांत कष्टाचं काम देता येणार नाही, अशी तरतूद. पण तो मुख्यतः कारखाने, खाणी, मळे यांना लागू. शेतात राबणारी, रोजानं जाणारी त्यात बसत नव्हती. २०१७ साली ही सुटी सव्वीस आठवड्यांची झाली, तीही दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत.

तलावावर तर मालक खुद्द सरकार होतं. त्याच गावात शाळेवर एक बाई होत्या, त्यांनाही त्याच उन्हाळ्यात दिवस गेलेले. त्या पगारी रजेवर माहेरी गेल्या. त्या गेल्या ते योग्यच झालं. आमच्या आईला त्यांचा हेवा नव्हता. पण एकाच सरकारचं काम करणाऱ्या दोन बायका, एकीचं पोट कागदावर दिसत होतं, दुसरीचं दिसत नव्हतं, एवढं मात्र खरं.

पुढं पाऊस आला, तलाव भरला, आणि तरीही आमच्या डोंगरातली माणसं घरी थांबली नाहीत. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं. साखर कारखाने वाढले तशी ही वाट मोठी झाली. माझी वहिनी अशीच दर साल जायची. तिची हकिगत आईहून वेगळी आहे, आणि वाईट आहे.

ऊसतोडीत मोजमाप टोळीचं नाही, 'कोयत्या'चं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची ती या जोडीच्या नावावर, आणि हंगामभर टनावर फेडायची. जोडीतला एक जण बसला तर 'खाडा'. त्या दिवसाचं काम नाही, वर दंड. आता बघा, बाई अवघडली तर तिच्या वाटणीची मोळी कोण उचलणार? शेजारच्या कोयत्यावर त्याची उचल आहेच. तिथं साखळी होत नाही. नवरा तोडतो, बायको वाढं काढते, मोळ्या बांधते, आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री. पहाटे चारला उठून पाचटाच्या कोपीत चूल, आणि पुन्हा फड.

वहिनीला आठवा लागला तेव्हा ती मुकादमाला म्हणाली, "दादा, मला पंधरा दिस बसू द्या." तो म्हणाला, "बस की. उचल कोण फेडणार तेवढं सांग." ती बसली नाही. बाळंतपण कोपीतच झालं. गाव दूर, ओळखीची सुईण नाही, दवाखान्याचा रस्ता ठाऊक नाही. पाचव्या दिवशी सटवाई पुजली आणि दहाव्या दिवशी ती फडात होती, पोर उसाच्या सरीत झोळीत.

आज परिस्थिती तीच आहे असं म्हणणं खोटं होईल. गावात आशाताई आहे, अंगणवाडी आहे, गरवार बाईची नोंद होते, लशी टोचतात, रुग्णवाहिका बोलावता येते. पहिल्या बाळंतपणाला केंद्राच्या मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. घरी होणारी बाळंतपणं कमी झाली, बायकांचे जीव वाचले. पण नोंद होते गावात आणि बाई असते दोनशे मैलांवरच्या फडात. आणि पाच हजार रुपये उचलीच्या हिशेबात खाड्यांनाही पुरत नाहीत. रोजगार हमीच्या २००५ सालच्या देशव्यापी कायद्यात, कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं असली तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची तरतूद झाली. पोर जन्मल्यानंतरची सोय झाली. जन्मण्याआधीच्या दोन महिन्यांची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्या पिढीतले लोक जुन्या बायकांचं कौतुक करतात. "आमची आय दिवस भरले तरी कामाला जायची, बाळंत झाली आन् तिसऱ्या दिशी उभी राह्यली." हे अभिमानानं सांगतात. मला वाटतं, त्यात आपण एक चूक करतो. त्या खंबीर होत्या हे खरंच. पण त्यांना हौस नव्हती. बसायला मिळालं असतं तर त्या बसल्या असत्या. आईला मी एकदा विचारलं होतं, तुला कसं जमलं गं? ती म्हणाली, "जमलं कुठं? त्या बायांनी जमवलं."

मला या सगळ्या इतिहासाचं सार तेवढ्यात दिसतं. आमच्या बायकांना शेवटच्या महिन्यांत जो काही विसावा मिळाला तो कायद्यानं दिला नाही, मुकादमानं दिला नाही, घरच्यांनीही फारसा दिला नाही. बरोबरीच्या बायकांनी आपल्या मजुरीतून काढून दिला. टोळीत ते शक्य झालं, कारण काम दहा जणांचं होतं. कोयत्यात शक्य झालं नाही, कारण हिशेब दोघांचाच होता. म्हणून कामाची पद्धत कशी लावली जाते, उचल कुणाच्या नावावर चढते, खाडा कोण धरतो, या कोरड्या हिशेबाच्या गोष्टी नाहीत. बाईला दिवस भरताना उभं राहावं लागेल की बसता येईल, ते तिथंच ठरतं.

तो तलाव अजून आहे. गाळानं निम्मा भरलाय, तरी चांगल्या पावसाळ्यात खालच्या विहिरींना पाणी राहतं. त्याची लांबी-रुंदी सरकारी कागदावर सापडेल, किती बरास माती पडली तेही सापडेल. ती माती हातोहात देणाऱ्या बायकांपैकी तिघी-चौघी आज गावात आहेत. त्यांना विचारा. कोणत्या बाईनं किती दिवस अर्धं घमेलं घेतलं आणि उरलेलं अर्धं कुणी वाहिलं, ते त्या नावानिशी सांगतील.