मुंबईची वीज आणि तिची वाट

बटण दाबलें कीं दिवा लागतो, यांत आपणांस आतां नवल वाटत नाहीं. नवल वाटतें तें दिवा न लागल्यास. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईवर असाच प्रसंग ओढवला. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, लिफ्ट मध्येंच अडकल्या, आणि करोनाच्या सांथीच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. राज्यांत विजेचा दुष्काळ पडला होता असें मुळींच नव्हे. वीज होती; तिला शहरांत शिरावयास पुरेशी वाट उरली नव्हती. त्या वाटेचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

ही वाट प्रथम बांधली गेली ती सह्याद्रीपासून. गिरण्यांचीं यंत्रें त्या काळीं मुख्यतः दगडी कोळशावर चालत. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्यापासून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनीं उचलून धरली. परंतु ते १९०४ सालीं निवर्तले. पुढें १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधले गेले, आणि १९१५ सालीं घाटाखालीं खोपोलीस जनित्रें फिरूं लागलीं. सुमारें ७० किलोमीटर लांबीच्या तारांवरून ती वीज मुंबईस पोंचली. १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा, अशीं आणखी दोन केंद्रें तिच्या जोडीस आलीं.

मात्र ही वाट ओसाड भूमीवरून आली नव्हती. भिऱ्याच्या केंद्रासाठीं मुळशीस धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां आपलीं भातखाचरें बुडणार हें पाहून मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे अग्रणी झाले. धरण झालें, शेतें पाण्याखालीं गेलीं. शहराच्या दिव्याची किंमत शहराबाहेरच्यांनीं दिली, हें या इतिहासांतील विसरूं नये असें पान आहे.

पुढें शहर वाढलें. १९५६ सालीं तुर्भ्यास औष्णिक केंद्र सुरू झालें. १९८१ सालीं तर अशी योजना अमलांत आली कीं, बाहेरच्या जाळ्यांत बिघाड होतांच मुंबईनें आपोआप त्यापासून विलग व्हावें, आणि एखाद्या बेटाप्रमाणें स्वतःच्या विजेवर तग धरावा. अनेक वर्षें या योजनेनें शहरास तारलें. परंतु मागणी वाढतच गेली. घरची वीज अपुरी पडूं लागली आणि बाहेरून आणावयाच्या विजेचा भार मोजक्या वाहिन्यांवर पडला. २०२० च्या त्या सकाळीं कांहीं वाहिन्या दुरुस्तीसाठीं, कांहीं बिघाडामुळें बंद होत्या. उरलेल्यांना भार पेलवेना. बेट विलग झालें खरें, पण मागणी आणि उत्पादन यांचा मेळ बसेना, आणि तेंही अंधारांत बुडालें.

येथेंच जुन्या जाळ्याच्या नूतनीकरणाची खरी अडचण ध्यानांत येते. वाहिनी दुरुस्त करावयाची तर ती बंद ठेवावी लागते. ती बंद ठेवली कीं तिच्या शेजारणींवरचा भार वाढतो. भरपावसांत नांदत्या घराचें छप्पर शाकारण्यासारखें हें काम आहे. नवी वाहिनी टाकावी म्हटलें तर मनोरे उभारावयास जागा नाहीं. खाडीकांठीं कांदळवन आहे, आणि व्यापक लोकहिताखेरीज तें तोडूं नये असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं बजाविलें आहे. तारा जमिनीखालून न्याव्या तर खर्च कितीतरी पटींनीं वाढतो. खारघर ते विक्रोळी या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचा विचार दशकभर चालला होता. ती सुरू झाली २०२३ सालीं, म्हणजे अंधारानंतर तीन वर्षांनीं. तिच्यामुळें सुमारें १००० मेगावॅट अधिक वीज शहरांत येण्याची सोय झाली.

राखीव वाहिनी बहुतेक दिवस अर्धीमुर्धीच वापरली जाते. म्हणून तिचा खर्च बिलांत आला कीं तो आपणांस वायफळ वाटतो. परंतु वाटेचें मोल कोणास तरी द्यावेंच लागतें. तें एकदां मुळशीच्या शेतकऱ्यांनीं दिलें. यापुढें दिवा ज्याच्या घरीं लागतो त्यानेंच तें द्यावें, आणि अंधार पडण्यापूर्वीं द्यावें, यांतच शहाणपण आणि न्यायही आहे.