रात्रीचे चार प्रहर : भयपट, उपनगरे आणि आपण

मुंबईच्या उपनगरांत सिनेमे पाहत रात्र जागवण्याची चाल आजची नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला आणि जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत चाळींतून आणि वस्त्यांतून वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला जाऊ लागला. भाडे रात्रीचे, तेव्हा रात्र पुरेपूर वसूल करायची. तीन नाहीतर चार कॅसेटी. पहिली घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी, बहुधा कौटुंबिक; दुसरी मारामारीची; आणि लहान मुले पेंगली की भुताची. आज तीच रात्र मोबाईलवर आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर परत आली आहे. तिला आता मॅरेथॉन म्हणतात, एवढाच फरक.

अशा रात्रीसाठी भयपट निवडायचे तर कसे निवडावेत? रूढ उत्तरे दोन आहेत. एक, जास्तीत जास्त घाबरवणारे निवडा. दुसरे, जातकुळीप्रमाणे निवडा : हवेलीचे, पिशाच्चाचे, झपाटलेल्या बाईचे, खुनी मुखवट्याचे. आम्हांला तिसरा मार्ग सुचवायचा आहे. प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न विचारावा : हे भय नेमके कोणाचे? घर कोणाचे होते, जमीन कोणाची होती, आणि भूत कोणाला ठरवले गेले? या प्रश्नाच्या हाताने गेलो तर भयपटांचा इतिहास म्हणजे आपल्या शहराचा, आणि बऱ्याच अंशी आपल्या समाजाचाही इतिहास निघतो. रात्रीचे प्रहर चार. विषयही चारच घेऊ.

पहिला प्रहर : रिकामी हवेली

हिंदी भयपटाचा पाळणा उपनगरातच हलला. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली. त्याच संस्थेचा ‘महल’ १९४९ मध्ये आला. दिग्दर्शक कमाल अमरोही. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. नायिका मधुबाला, म्हणजे मुमताज जहाँ देहलवी. वय अवघे सोळा. छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग हा जर्मन. हिमांशू रॉय यांच्याबरोबर जे जर्मन तंत्रज्ञ मालाडला आले त्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले होते. जर्मन मूकपटांतला छायाप्रकाशाचा खेळ त्याने मालाडच्या मंचावर उतरवला. झुंबर, जिना, हलणारा झोपाळा, दूर जाणारी पांढरी आकृती, हे सारे पुढे अर्धशतक हिंदी भयपटाचे भांडवल झाले. गाण्याची सुरुवात लांबून आल्यासारखी वाटावी म्हणून आपल्याला मायक्रोफोनपासून दूर उभे करून गात गात जवळ यायला लावले, अशी आठवण लताबाई सांगत. पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून त्यांचे नावही नव्हते. पात्राचे, ‘कामिनी’चे होते. आवाज होता, गाणारी दिसत नव्हती.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ‘महल’मध्ये शेवटी भूत नाहीच. आहे ती माळ्याची मुलगी. दुसऱ्याच्या हवेलीत वाढलेली, आणि त्या घरात मानाने शिरण्यासाठी भुताचे सोंग घेणारी. पुढे ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४), ‘गुमनाम’ (१९६५) या रहस्यपटांनी हाच धडा गिरवला : पांढरी साडी दिसते, गाणे ऐकू येते, आणि शेवटी वारसाहक्काचे, पैशाचे किंवा सुडाचे एखादे कारस्थान उघडे पडते. नेहरूयुगातल्या पडद्यावरच्या भुताला बहुधा खुलासा द्यावा लागे. ‘मधुमती’ (१९५८) मात्र याला सन्माननीय अपवाद. तिथला आत्मा खराच आहे, पण तोही जमीनदाराच्या जुलमाची साक्ष द्यायला येतो.

१९४९ मध्ये रिकामी हवेली ही केवळ कवीची कल्पना नव्हती. फाळणी होऊन दोनच वर्षे झाली होती. उत्तर हिंदुस्थानात गावेच्या गावे, वाडेच्या वाडे रिकामे पडले होते. सीमेपलीकडे गेलेल्यांच्या मालमत्तेचा केंद्रीय कायदा १९५० मध्ये झाला. खुद्द अमरोहींच्या भाऊबंदांपैकी रईस अमरोहवी आणि जौन एलिया कराचीला गेले. चित्रपटातला नायक हरिशंकर आहे आणि कथेत फाळणीचा उल्लेखही नाही. परंतु नवा मालक बंद घराचे दार उघडतो आणि आधीच्या मालकाची तसबीर आपल्याकडे पाहते आहे असे त्याला दिसते, हे दृश्य त्या काळच्या प्रेक्षकाने कसे पाहिले असेल याचा विचार करावासा वाटतो. पहिल्या प्रहरासाठी म्हणूनच ‘महल’. हसत हसत सुरुवात करायची असेल, तर मेहमूदने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘भूत बंगला’ (१९६५) चालेल.

दुसरा प्रहर : कब्रस्तान आणि राजवाडा

१९७२ या एकाच वर्षी दोन चित्रपट आले. अमरोहींचा ‘पाकीजा’, ज्याच्या आरंभीच एक स्त्री कब्रस्तानात आश्रय घेते, मुलीला जन्म देते आणि तिथेच प्राण सोडते. आणि रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’, ज्यात पुरलेला माणूस उठून येतो. पहिल्यात कब्रस्तान शोकाची जागा आहे, दुसऱ्यात धास्तीची. नाव पाहा : बहादूरशाह जफर यांच्या नावावर असलेल्या गझलेतली ती दोन गजांची जागा. रंगूनच्या कैदेत मायदेशाच्या मातीला पारखा झालेला बादशहा ज्या शब्दांत रडला, ते शब्द भयपटाच्या जाहिरातफलकावर गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. पण प्रतिमा अशाच सरकतात.

रामसे कुटुंब स्वतः फाळणीने उखडलेले. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीतले रेडिओचे दुकान सोडून एफ. यू. रामसे मुंबईत आले. त्यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यातल्या मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे मुलांनी हेरले. मग सात भावांनी कामे वाटून घेतली : कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची व्यवस्था, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. सगळा कुटुंबकबिला महाबळेश्वरला नेऊन थोड्या पैशांत चित्रपट पुरा केला. प्रतिष्ठित समीक्षेने त्यांना दारात उभे केले नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या चित्रपटगृहांनी मात्र डोक्यावर घेतले. ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाजा’ (१९९०) ही त्यांची भरभराटीची वर्षे, आणि तीच व्हीसीआरचीही.

कोकणी मुसलमान वाचकाने या चित्रपटांतली पार्श्वभूमी निरखून पाहावी. ‘पुरानी हवेली’तली ती भयाण वास्तू म्हणजे मुरूडचा, जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्राकाठच्या टेकडीवर सिद्दी नवाबाने तो बांधला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, दरबार उठला, आणि चार दशकांत त्या दिवाणखान्यात राक्षस फिरू लागले. आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी कोकणात उभे केलेले राज्य हा खरे तर भारतीय इतिहासातला विलक्षण अध्याय. शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी, आणि पडद्यावर त्याच्या वास्तूला दोन तास. पण भुताटकी म्हणून. ज्या घराचा इतिहास सांगणारा कोणी उरत नाही त्या घरात भूत आणून बसवणे सोपे असते. दुसऱ्या प्रहराला ‘पुरानी हवेली’ लावावी आणि अधूनमधून राक्षसावरची नजर काढून त्या कमानींकडे पाहावे.

तिसरा प्रहर : आपल्या मातीतली भुते

मराठीला भुतांचे वावडे कधीच नव्हते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा-गूढकथा घरोघर पोचवली. पडद्यावर ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आला, ‘एक डाव भुताचा’ (१९८२) आला, ‘झपाटलेला’ (१९९३) आला. अलीकडे ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडात स्त्रीभ्रूणहत्येचे भूत उभे केले, आणि २०२४ मध्ये ‘मुंज्या’ने कोकणातला पोरवयाचा मुंजा हिंदीत नेला.

हा मुंजा आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. आपल्या लोकसमजुतीत भुतांनाही जात आहे. मुंज झालेला आणि सोडमुंजेआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा. वासना राहिलेला ब्राह्मण समंध. आणि मुसलमानाचे भूत खवीस. शब्द अरबी ‘खबीस’वरून आलेला, अर्थ दुष्ट, नापाक. म्हणजे मुंज्या हट्टी, समंध विद्वान, आणि खवीस मुळातच दुष्ट. जिवंतपणी गावकुसाच्या आत-बाहेर जी मांडणी, तीच मेल्यावर पिंपळावर आणि विहिरीवर. गमतीचा भाग असा की हा शब्द आपल्याच भाषेतून मराठीत आला आणि आपल्याच नावावर चिकटला. कोकणातल्या आमच्या कित्येक आज्यांनीही नातवंडांना झोपवताना बिनदिक्कत खविसाचीच भीती घातली असेल! ही गोष्ट रागाने नव्हे, कुतूहलाने पाहण्यासारखी आहे.

तिसऱ्या प्रहरासाठी निवड ‘तुंबाड’ची (२०१८). दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, बीज धारपांच्या कथेतले. कथा १९१८ ते १९४७ या काळातली. न थांबणारा पाऊस, कोसळता वाडा आणि हाव बापाकडून मुलाकडे वारशाने जाणारी. येथे भूत ना कोणा जातीचे, ना धर्माचे. ते भुकेचे आहे. प्रदर्शनाच्या वेळी त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला, पण सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा लोक गर्दी करून गेले. चांगले चित्रपट कधी कधी दुसऱ्या जन्मातच चालतात.

चौथा प्रहर : फ्लॅट आणि जिन्न

हवेल्या पडल्या, टॉवर उभे राहिले, आणि भूत लिफ्टने वर आले. राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ मे २००३ मध्ये आला. एकही गाणे नाही, धुके नाही, वटवाघूळ नाही. एक तरुण जोडपे, उंच इमारतीतला फ्लॅट, आणि त्यात आधी राहून मेलेली बाई. मुंबईकराचे सर्वांत मोठे स्वप्न हाच सर्वांत मोठा सापळा. आपल्या वाचकाला त्यात आणखी एक पदर दिसेल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे, ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. त्यानंतर कित्येक मुस्लिम कुटुंबांनी राहती घरे सोडून मुंब्रा, मिरा रोडची वाट धरली; मिश्र वस्त्यांतून दोन्हीकडची माणसे उठली. त्याच १९९३ मध्ये टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि खऱ्या भयातून नुकतेच उठलेले शहर दर आठवड्याला खोट्या भयासाठी टीव्हीसमोर बसू लागले. सोडलेल्या खोल्यांत कोण आले, कोणाच्या आठवणी भिंतींत राहिल्या, यावर मात्र कोणी चित्रपट काढला नाही. आजही उपनगरात घर पाहायला गेलेल्या तरुणाला नाव सांगताच दलालाचा चेहरा बदललेला दिसतो. रिकामा फ्लॅट समोर असतो आणि आत जाता येत नाही, हा एक स्वतंत्र भयपट आहे.

या प्रहराचा दुसरा धागा जिन्नाचा. कुराणात ‘अल्-जिन्न’ नावाची सूरा आहे. जिन्न ही आपल्या श्रद्धेतली एक निर्मिती आहे, फिरते प्रेत नव्हे. मुस्लिम देशांतल्या चित्रपटांनी हा विषय आपापल्या परीने हाताळला. लाहोरच्या ‘जिंदा लाश’ने (१९६७) ड्रॅक्युला देशी केला. तुर्कस्तानात ‘शैतान’ने (१९७४) ‘एक्झॉर्सिस्ट’चा सांगाडा घेऊन पाद्र्याच्या जागी मुस्लिम माणूस आणला, २००६ पासूनच्या ‘दाब्बे’ मालिकेने जिन्नांचा धंदाच मांडला. या साऱ्यांत आम्हांला श्रेष्ठ वाटतो तो बाबक अन्वरी यांचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६). इराण-इराक युद्धातले तेहरान, इमारतीत घुसलेले न फुटलेले क्षेपणास्त्र, आई आणि लहान मुलगी. जिन्न चादरीच्या रूपात येतो. त्याला भिऊन आई मुलीला उचलून रस्त्यावर धावते, आणि डोके झाकलेले नाही म्हणून पहारेकरी तिलाच पकडतात. घरात जिन्न, बाहेर शासन. बाईने जायचे कुठे?

आपल्याकडच्या ‘घूल’ने (२०१८) हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला. अरबी लोककथेतला घूल एका बंदीगृहात येतो, आणि स्वतःच्या बापाला सरकारच्या हवाली करणारी निदा रहीम त्याच्यासमोर उभी राहते. येथे मुसलमान भीती घालणारा नाही आणि केवळ भ्यालेलाही नाही. तो विचार करणारा माणूस आहे. पडद्यावर हे फार क्वचित घडते.

झपाटलेल्या बाईच्या चित्रपटांबाबत मात्र आम्ही हात आखडता घेतला आहे. पडद्यावर बाईला बांधतात, मारतात, आणि आतला ‘तो’ निघून जातो. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तवात मार बाईलाच लागतो. फेफरे, बाळंतपणानंतरची उदासी, मनाचे आजार यांना जिन्नाची बाधा ठरवून आमिलाच्या स्वाधीन केलेल्या मुली आपल्या वस्त्यांत आहेत, तशा त्या इतरांच्याही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली त्या २०१३ सालीच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. हा कायदा भगत आणि आमील यांच्यात फरक करीत नाही. जिन्नावर ईमान असणे आणि आमिलाची छडी सहन करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तरुणांना सांगायला भयपटाची रात्र हे निमित्त वाईट नाही.

तेव्हा आमची यादी अशी : ‘महल’, ‘पुरानी हवेली’, ‘तुंबाड’, ‘अंडर द शॅडो’. सगळे मिळून आठ-सव्वाआठ तास. मधल्या वेळात चहा आणि वाद. ‘पुरानी हवेली’पासून पुढचे लहान मुलांसमोर लावू नयेत. हवेलीपासून निघून राजवाडा, वाडा आणि फ्लॅट असा हा प्रवास आहे; चारही ठिकाणी भयाचे मूळ घरातच आहे, कोणीतरी बाहेर काढलेले असण्यात, कोणालातरी आत घेतले न जाण्यात. भुताला भिणे ही करमणूक आहे. माणसाला माणसाचे भूत करणे हा इतिहास आहे. दोहोंतला फरक ओळखता आला तर एका रात्रीची झोप मोडली तरी ती वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.