केबलवरचा आकडा, प्रोसेसरवरचा आकडा

मढ जेट्टीवरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत वर्सोवा. त्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर परदेशातून आलेल्या इंटरनेटच्या केबल्स समुद्रातून वर येतात. आज आपण त्या केबल्सच्या खापरपणज्यांकडे जाणार आहोत, कारण आपला नेहमीचा एक गोंधळ तिथेच सुटतो. घरातल्या कॅट-६ केबलचा दर्जा २५० मेगाहर्ट्झ, संगणकाचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा. मग केबल प्रोसेसरपेक्षा बारापट मंद म्हणायची का?

आता १८५८ साल पाहू. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकखालून पहिली तार गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे सोळा तास लागले. वीज काही रेंगाळत नव्हती. पाण्यातली लांब तार आधी विजेने भरते, मग हळूहळू रिकामी होते. त्यामुळे इकडून धाडलेला टोकदार ठोका तिकडे पसरट होऊन निघतो. रिकाम्या मोठ्या हॉलमध्ये कुणी भरभर बोललं की शब्द एकमेकांत मिसळतात ना, तसंच. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हे आधीच गणिताने मांडलं होतं: लांबी दुप्पट, तर पसरण चौपट. कंपनीचे वीजतज्ज्ञ व्हाइटहाउस (पेशाने शल्यचिकित्सक!) यांना ते पटेना. त्यांनी दाब वाढवत सुमारे २००० व्होल्टपर्यंत नेला. काही आठवड्यांत तार कायमची मुकी झाली.

१८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकली, तोवर धडा गिरवून झाला होता. जाड तांबं, चांगलं वेष्टन, आणि पलीकडे अतिशय नाजूक झोतही टिपणारं यंत्र.

तेव्हा केबलवरचा हर्ट्झचा आकडा वेग सांगत नाही. सेकंदाला किती चढउतार पलीकडच्या टोकाला ओळखू येण्याजोगे उरतील, तेवढंच तो सांगतो. त्यात माहिती किती कोंबायची, हा वेगळा हिशोब. १९९९च्या गिगाबिट इथरनेटचंच बघा: १०० मेगाहर्ट्झच्या केबलमधून सेकंदाला १००० मेगाबिट जातात, कारण चारही जोड्या एकदम कामाला लागतात आणि प्रत्येक ठोक्यात दोन-दोन बिट बसतात.

प्रोसेसरचा आकडा मात्र ताल धरणाऱ्या घड्याळाचा. १९७१चा इंटेल ४००४ सेकंदाला सुमारे ७,४०,००० ठोक्यांवर चाले. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोचला, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडला. आडवी आली ती उष्णता. मग एका चिपवर अनेक कोअर बसवायला सुरुवात झाली. एका ठोक्यात काम किती होतं, हे न विचारता नुसत्या गिगाहर्ट्झवर जास्त पैसे मोजणारे आपल्यातही कमी नाहीत.

वर्सोव्याच्या आजच्या केबल्समध्ये काचेतून प्रकाश धावतो, त्याची वारंवारता सुमारे १९३ टेराहर्ट्झ. तरी अंतर पिच्छा सोडत नाही. साधारण ५० ते १०० किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा जोर द्यावा लागतो. घरातही तेच: कॅट-६ वरून १० गिगाबिट जातात, पण जेमतेम ५५ मीटरपर्यंत. पुरे १०० मीटर हवे असतील तर ५०० मेगाहर्ट्झची कॅट-६ए घ्यावी लागते.